माणकातली लाल रेषा

जुन्या एच.एम.टी. घड्याळाच्या तबकडीवर बारीक अक्षरांत '१७ ज्वेल्स' असे छापलेले असायचे. लहानपणी ते वाचून आम्हां भावंडांत मोठी चर्चा झाली होती. घड्याळात सतरा रत्ने आहेत त्याअर्थी वडील बरेच श्रीमंत असले पाहिजेत आणि ते आपल्यापासून लपवताहेत, असा एक निष्कर्षही निघाला होता! रत्ने मात्र खरोखरच होती. ती माणके होती. चाकांच्या आसांची टोके झिजू नयेत म्हणून बसवलेली, मोहरीहून लहान. फक्त ती ब्रह्मदेशातल्या खाणीतून आलेली नव्हती, भट्टीत पिकवलेली होती. ही भट्टी कोणी पेटवली ते पुढे सांगतो. त्याआधी माणकाच्या उजेडाविषयी सांगायला हवे, कारण या लेखाचा विषय तोच आहे.

माणिक लाल दिसते, तसे ते लाल प्रकाशतेही. या दोन गोष्टी वेगळ्या. जास्वंद लाल दिसते, कारण ती बाकीचे रंग गिळते आणि लाल तेवढा परत पाठवते. माणिक जांभळा आणि हिरवा प्रकाश गिळते, आणि त्या गिळलेल्याच्या बळावर स्वतःचा गडद लाल प्रकाश बाहेर टाकते. त्याच्यावर हिरवा किरण सोडा, आतून लाल उजेड येईल. चांगले माणिक उन्हात धरले की निखाऱ्यासारखे पेटलेले वाटते ते यामुळे.

माणिक म्हणजे कुरुंद. नीलम म्हणजेही कुरुंदच. इंग्रजांचा 'कोरंडम' हा शब्द आपल्याकडूनच गेलेला आहे. तमिळमध्ये कुरुंदम्, आणि संस्कृतात माणकालाच कुरुविंद म्हणत. रसायनशास्त्राच्या हिशेबात दोन ॲल्युमिनियम आणि तीन ऑक्सिजन, म्हणजे ॲल्युमिना. हे काही दूरदेशीचे द्रव्य नव्हे. आपल्या घराच्या चिऱ्यांत लोह आणि ॲल्युमिनियम यांचीच ऑक्साइडे भरलेली असतात. लोह फार, म्हणून चिरा तांबडा. जिथे लोह कमी आणि ॲल्युमिनियम जास्त तिथे त्या दगडाला बॉक्साइट म्हणायचे. बेळगावच्या कारखान्यात त्यातूनच ॲल्युमिना काढतात. पांढरीशुभ्र, तांदळाच्या पिठीसारखी.

तर प्रश्न असा होता: ही पांढरी पिठी स्वतः प्रकाशते का? माणकातला लाल उजेड ॲल्युमिनाचा, की तिच्यात मिसळलेल्या दुसऱ्या कोणाचा? ऐकायला प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण एकोणिसाव्या शतकात युरोपातली तीन नावाजलेली माणसे त्यावर वर्षानुवर्षे अडून बसली होती. आणि आज प्रयोगशाळांत जी नॅनो भुकटी बनते, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढ्या कणांची, तिच्यापुढेही थोड्या निराळ्या शब्दांत हाच प्रश्न उभा आहे.

पहिले एदमों बेकरेल. पॅरिसचे. (किरणोत्सर्ग शोधणारे आंरी बेकरेल ते यांचे चिरंजीव.) १८५७-५८ च्या सुमारास त्यांनी एक साधे पण विलक्षण यंत्र केले. एकाच आसावर दोन चकत्या, दोन्हींना भोके, पण भोके समोरासमोर येणार नाहीत अशी. मध्ये पदार्थ ठेवायचा. चकत्या फिरवल्या की एका भोकातून पदार्थावर ऊन पडते, आणि ते भोक सरकून गेल्यावर दुसऱ्या भोकातून आपल्याला पदार्थ दिसतो. म्हणजे प्रकाश बंद झाल्यानंतर सेकंदाच्या अगदी लहान अंशाने. ज्या वस्तू त्या क्षणीही उजळलेल्या दिसतील, त्यांचा उजेड स्वतःचा. माणिक ठेवले तर ते जळत्या कोळशासारखे दिसले. मग त्यांनी प्रयोगशाळेत बनवलेली पांढरी ॲल्युमिना भाजून ठेवली, तर तीही लाल! त्यावरून बेकरेल यांनी ठरवले की हा गुण ॲल्युमिनाचाच आहे. दुसरे काय ठरवणार? दोघांत समान असलेली गोष्ट ॲल्युमिनाच होती.

दुसरे विल्यम क्रुक्स, लंडनचे. २२ ऑगस्ट १८७९ रोजी शेफील्ड येथे त्यांनी एक व्याख्यान दिले, ते विज्ञानाच्या इतिहासात गाजले आहे. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळ्यांत विजेचे किरण सोडून त्यांनी एकेक चमत्कार दाखवले. त्यांतल्या एका नळीत माणके होती, आणि ती किरणांखाली भडक लाल उजळली. क्रुक्स यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती: माणिक फिकट असो वा कबुतराच्या रक्तासारखे गडद, उजेड जवळपास सारखाच येतो. म्हणजे रंगाचा आणि उजेडाचा संबंध नाही. बेकरेल यांचेच म्हणणे खरे, ॲल्युमिनाच प्रकाशते. मला हे निरीक्षण फार आवडते, कारण निरीक्षण अचूक आहे आणि निष्कर्ष चुकीचा. उजेडाला लागणारे दुसरे द्रव्य इतके थोडे पुरते की फिकट माणकातही ते पुरेसे होते, ही शक्यता त्यांना सुचली नाही.

तिसरे ल्कोक द ब्वाबोद्रां. हे फ्रान्सच्या कोन्याक गावचे. घराण्याचा धंदा मद्याचा, आणि हा गृहस्थ धंदा सांभाळून घरच्या प्रयोगशाळेत वर्णपट पाहत बसे. १८७५ मध्ये यांनीच गॅलियम हे मूलद्रव्य शोधले. १८८६ मध्ये त्यांनी ॲल्युमिना पुन:पुन्हा शुद्ध केली, कडक भाजली आणि नळीत ठेवली. लाल रेषा नाही. मग तिच्यात क्रोमियमचा किंचित अंश घातला. लाल रेषा हजर. त्यांनी मांडणी अशी केली की ॲल्युमिना हे घट्ट रूपातले द्रावक, आणि क्रोमियम हे त्यात विरघळलेले क्रियाशील द्रव्य. एकट्या ॲल्युमिनाचा हा उजेड नव्हे, एकट्या क्रोमियमचाही नव्हे. दोघे मिळाल्यावरच तो येतो.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर विरजण. आजकाल याला 'डोपण्ट' म्हणतात, पण मला विरजण हाच शब्द बरा वाटतो. (विरजण वाढत जाते, क्रोमियम वाढत नाही, एवढा फरक मनात ठेवावा.)

वाद इथे संपायला हवा होता. तो पेटला. बेकरेल तोवर साठी ओलांडलेले. त्यांनी आपले म्हणणे सोडले नाही. क्रुक्स यांनी १८८७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ॲल्युमिनाच्या या किरमिजी रेषेवरच निबंध वाचला. त्यांचे म्हणणे होते की मी कितीही शुद्ध केली तरी माझ्या नळीत रेषा दिसतेच. ल्कोक यांचे उत्तर अर्थातच तयार: दिसते, त्याअर्थी ती अजून शुद्ध नाही! आता या भांडणाचा निकाल कोणत्या तराजूवर लावायचा? क्रोमियम आहे की नाही हे सांगणाऱ्या त्या काळच्या रासायनिक कसोट्यांपेक्षा ती लाल रेषाच अधिक संवेदनशील होती. ज्या गोष्टीचा पुरावा हवा, तीच पुराव्याचे एकमेव साधन. क्रुक्स यांना हट्टी म्हणणे सोपे आहे. मला ते तसे वाटत नाहीत. 'शुद्ध' या शब्दाला त्या काळी तळ नव्हता आणि त्या तळाचा शोध दोघेही घेत होते.

क्रुक्स यांना हा वाद महाग पडला तो मात्र दुसरीकडे. इट्रिया नावाच्या तशाच एका पांढऱ्या मातीतून त्यांना नळीत वेगवेगळ्या रंगांच्या रेषा दिसत. प्रत्येक वेगळी रेषा म्हणजे वेगळे मूलद्रव्य अशा हिशेबाने त्यांनी इट्रियाचे तुकडे पाडत नेले, आणि १८८६ मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत मूलद्रव्यांच्या जन्माचाच एक सिद्धांत मांडला. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रान्सच्या जॉर्ज उर्बें यांनी तो सारा डोलारा उतरवला. रेषा इट्रियाच्या नव्हत्या, तिच्यातल्या अंशमात्र मिश्रणांच्या होत्या. उर्बें यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची आहे. मिसळ वाढवत नेली की उजेड वाढतो, एका ठिकाणी शिगेला पोहोचतो, आणि मग आणखी मिसळ घातली की उतरू लागतो. निव्वळ शुद्ध पदार्थ अंधारा, आणि फार मिसळलेला पदार्थही अंधारा.

आता भट्टीवाला. ऑग्युस्त व्हेर्नय हा याच वर्षांत पॅरिसमध्ये काम करत होता. १८८६-८७ मध्ये त्याने कॅल्शियम सल्फाइडच्या चमकणाऱ्या भुकटीची चिरफाड केली आणि तिच्यात बिस्मथचा लेश सापडवला. तो काढला की उजेड गेला, घातला की आला. म्हणजे ल्कोक ॲल्युमिनाविषयी सांगत होते तेच, दुसऱ्या पदार्थात. हाच व्हेर्नय नंतर माणके पिकवायच्या मागे लागला. १८९१ आणि ९२ मध्ये त्याने आपली कृती मोहोरबंद पाकिटांत पॅरिसच्या अकादमीत ठेवून दिली आणि १९०२ मध्ये ती जाहीर केली. कृती अशी: अमोनियमची तुरटी (आपल्या दाढीच्या तुरटीची सख्खी बहीण) क्रोमियमच्या लवणाची चिमूट घालून स्फटिकवायची आणि भाजायची. मैद्याहून मऊ भुकटी उरते. ती चाळणीत घ्यायची, चाळणीवर लहानशी हातोडी टक्-टक् पडत राहते, आणि भुकटी हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीतून खाली पडते. दोन हजार अंशांच्या वर ती वितळते आणि खालच्या खुंटीवर थेंब थेंब साचून काही तासांत पेरूएवढे नव्हे तरी चांगले बोराएवढे लांबट माणिक तयार होते. १९०७ साली या रीतीने वर्षाला १००० किलो रत्ने निघू लागली होती. घड्याळांना 'ज्वेल्स' मिळू लागल्या त्या यातूनच. सराफांनी मात्र काही काळ कपाळाला हात लावला असणार.

इथे जरा आत शिरू. कुरुंदात प्रत्येक ॲल्युमिनियमभोवती सहा ऑक्सिजन बसलेले असतात. त्या घरात क्रोमियम राहायला आले तर ते किंचित मोठे असल्यामुळे दाटीवाटी होते. या दाटीमुळेच क्रोमियमच्या इलेक्ट्रॉनांच्या पायऱ्या अशा ठिकाणी येतात की ते जांभळा आणि हिरवा प्रकाश गिळतात, एका मधल्या पायरीवर उतरून थांबतात, आणि तिथून खाली येताना ६९४.३ आणि ६९२.९ नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडतात. त्या पायरीवर ते काही मिलिसेकंद रेंगाळतात. अणूंच्या जगात हा फार मोठा काळ. बेकरेल यांच्या फिरत्या चकत्यांना माणिक पकडता आले ते या रेंगाळण्यामुळे. हेच क्रोमियम दुसऱ्या घरात, पाचूत, हिरवे दिसते. तेव्हा विरजण महत्त्वाचे तसे दूधही महत्त्वाचे.

गर्दी झाली की काय होते तेही उघड आहे. दर दोन हजार ॲल्युमिनियमांमागे एक क्रोमियम असले तर प्रत्येक जण आपापल्या घरी सुखी. ते शेकड्याने आले की एकमेकांचे शेजारी होतात, गिळलेली ऊर्जा एकमेकांकडे ढकलत राहतात, आणि ती कुठेतरी उष्णता होऊन विरते. उर्बें यांच्या चढ-उताराचे कारण हे.

आणि काही पाहुणे मारकेच असतात. त्यांत पहिला लोह. ब्रह्मदेशातल्या मोगोकची माणके संगमरवरात पिकलेली, त्यांत लोह अत्यल्प, म्हणून ती निखाऱ्यासारखी पेटतात. थायलंडची बेसॉल्टमधून येतात, लोह अधिक, म्हणून रंग असूनही ती मंद वाटतात. क्रोमियमने कमावलेली ऊर्जा लोह परस्पर हडप करते. गोव्याच्या टेकड्या ज्याच्यासाठी पोखरल्या गेल्या त्या धातूची ही दुसरी ओळख मला पुस्तकात प्रथम वाचताना गंमत वाटली होती.

माणकाच्या या वर्णपटावर एका मराठी नावाची मुद्रा आहे, ती फारशी कोणाला ठाऊक नसते. बी. व्ही. थोसर यांनी १९३० ते ४० च्या दशकांत क्रोमियममुळे उजळणाऱ्या स्फटिकांच्या वर्णपटांवर परदेशी नियतकालिकांत निबंध प्रसिद्ध केले. पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अणुगर्भाच्या अभ्यासाकडे वळले. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात मालिबूच्या ह्यूज प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून जगातला पहिला लेझर किरण काढला. त्याआधी, माणिक गिळलेल्या प्रकाशातला जेमतेम एक टक्का परत देते असे एक मोजमाप प्रचलित होते आणि त्यामुळे बहुतेकांनी माणकाचा नाद सोडला होता. मेमन यांनी पुन्हा मोजले. आकडा सत्तर टक्क्यांच्या वर निघाला.

आतापर्यंत बाहेरून आलेल्या पाहुण्याची गोष्ट झाली. आता न आलेल्याची. कारण उजेडाला कारण व्हायला परका अणूच लागतो असे नाही, आपल्यातला एक अणू जागेवर नसला तरी पुरते.

हे पहिल्याने लक्षात आले ते मिठासारख्या स्फटिकांत. १९२० आणि ३० च्या दशकांत जर्मनीत ग्योटिंगेन येथे रॉबर्ट पोल आणि त्यांचे विद्यार्थी रंगीत झालेल्या मिठांचा अभ्यास करत होते. पांढऱ्या मिठावर क्ष-किरण सोडले की ते पिवळे होते, आत परके काहीच नसताना. या रंगाच्या ठिकाणांना त्यांनी जर्मन 'फार्बे' म्हणजे रंग या शब्दावरून 'एफ' हे अक्षर दिले. ठिकाण म्हणजे नेमके काय ते १९३७ मध्ये डच शास्त्रज्ञ द बूर यांनी सुचवले: स्फटिकातला एक ऋणभारित अणू जागेवरून गेलेला आहे, आणि त्या ओस जागेत एक इलेक्ट्रॉन येऊन राहिला आहे. आपल्या गावात वाड्यावर एखादे बंद घर असते ना, मालक मुंबईला किंवा पोर्तुगालला, आणि पडवीत दुसराच कोणी मुक्कामाला... तसे.

ॲल्युमिनात ऑक्सिजनची जागा ओस पडली तर तिथे दोन इलेक्ट्रॉन राहतात, कधी एकच. दोन असले तर उजेड निळसर जांभळा, सुमारे ४२० नॅनोमीटरचा. एकच असला तर ३३० च्या आसपास, डोळ्याला न दिसणारा. ही ओळख १९७० च्या दशकात पक्की झाली. म्हणजे पूर्ण शुद्ध ॲल्युमिना, क्रोमियमचा लवलेश नाही, तरी प्रकाशू शकते. बेकरेल आणि क्रुक्स यांचे वाक्य शंभर वर्षांनी अर्धे खरे झाले म्हणायचे! फक्त तो प्रकाश लाल नव्हे, आणि तो ॲल्युमिनाच्या असण्याचा नव्हे, तिच्यातल्या नसण्याचा.

या नसण्याचा उपयोग केला तो रशियातल्या उरल भागातल्या स्वेर्दलोव्स्क (आताचे येकातेरिनबुर्ग) येथील अक्सेलरोद, कोर्तोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी ॲल्युमिनाचे स्फटिक मुद्दाम कार्बनच्या सान्निध्यात वाढवले, म्हणजे ऑक्सिजनची टंचाई करून. आत ओस जागा भरपूर झाल्या. असा स्फटिक क्ष-किरणांत ठेवला की सुटलेले इलेक्ट्रॉन आतल्या खाचाखळग्यांत अडकून बसतात, आणि नंतर तापवला की बाहेर पडून त्या ओस जागांपाशी निळा उजेड देतात. जितका किरणोत्सर्ग तितका उजेड. १९९० मध्ये त्यांनी जाहीर केले की हा स्फटिक तेव्हाच्या प्रचलित लिथियम फ्लोराइडपेक्षा ४० ते ६० पट संवेदनशील आहे. त्यात एक दोष निघाला. साध्या उजेडात ठेवला तरी साठवलेली नोंद पुसली जाई. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत ओक्लाहोमा येथे तोच दोष वाचनाची रीत ठरला. तापवायचे कशाला? हिरवा प्रकाश टाका, निळा उजेड मोजा.

आपल्याकडच्या एक्स-रे विभागात काम करणाऱ्यांच्या छातीवर एक बिल्ला लावलेला असतो. त्याने महिन्यांमहिने किती किरणोत्सर्ग अंगावर घेतला त्याची नोंद त्यात राहते. भारतात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने या कामासाठी कॅल्शियम सल्फेटची भुकटी वापरात आणली. तिचे विरजण डिस्प्रोसियम. हे मूलद्रव्य कोणी शोधले? कोन्याकच्या त्याच ल्कोक यांनी, आणि तेही १८८६ मध्येच, ॲल्युमिनाच्या लाल रेषेवरून भांडण जुंपले त्याच साली. कार्बनयुक्त ॲल्युमिनाही तुर्भ्याला पुढे तयार झाली.

एवढे सांगून झाल्यावर नॅनो भुकटीचे कोडे समजायला कठीण जात नाही.

घड्याळातल्या माणकात पृष्ठभागावरचे अणू एकूण अणूंच्या मानाने नगण्य असतात. कण १० नॅनोमीटरचा केला की सुमारे सहावा हिस्सा अणू कातडीवर येतात. ५ नॅनोमीटरला जवळजवळ एक तृतीयांश. कातडीवरच्या ॲल्युमिनियमला सहा ऑक्सिजन कुठून मिळणार? बाहेरच्या बाजूला कोणीच नाही. तिथे तुटलेली बंधने, ओस जागा, हवेतल्या पाण्याचे चिकटलेले अंश. म्हणजे मोठ्या स्फटिकात जो दोष मुद्दाम घडवावा लागे, तो इथे आपोआप आणि नको तितका. शिवाय विरजणाचा हिशेबही विचित्र होतो. ५ नॅनोमीटरच्या एका कणात साधारण तीन हजार ॲल्युमिनियम असतात. दोन हजारांत एक या प्रमाणात क्रोमियम घातले तर कणाला सरासरी दीड अणू येतो. सरासरी! प्रत्यक्षात कुणाला दोन, कुणाला तीन, आणि पाचांतल्या एका कणाला एकही नाही. 'या भुकटीत अमुक इतके क्रोमियम आहे' हे वाक्य खरे असूनही प्रत्येक कणाविषयी ते काहीच सांगत नाही.

आणखी एक अडचण घरांचीच. ॲल्युमिना फार बारीक असली की ती कुरुंदाच्या रचनेत राहत नाही, गॅमा नावाच्या ढिसाळ रचनेत राहते. तिथे प्रत्येक क्रोमियमची दाटी थोडी वेगळी, म्हणून प्रत्येकाचा लाल रंगही थोडा वेगळा. बेकरेलपासून सर्वांनी पाहिलेली ती धारदार रेषा पसरट पट्टा होऊन जाते. ११००-१२०० अंशांपर्यंत भाजली की रचना कुरुंदाची होते, रेषा पुन्हा धारदार होते, दोष भरून निघतात. पण तेवढ्या तापाने कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, आणि मग त्याला नॅनो म्हणण्यात अर्थ उरत नाही. रोग बरा करावा तर रोगीच दुसरा होतो.

भाजण्याची एक आपल्याकडची युक्ती जगभर गेली आहे. १९८८ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत किंग्जली आणि के. सी. पाटील यांनी ॲल्युमिनियम नायट्रेट आणि युरिया (तोच, शेतात घालतो तो) पाण्यात कालवून ५०० अंशांच्या भट्टीत ठेवले. मिश्रण उकळते, फुगते, पेट घेते, आणि काही मिनिटांत कुरुंदाची फेसासारखी हलकी भुकटी उरते. ज्योतीचा ताप मोठा पण क्षणाचा, म्हणून रचना सुधारते आणि कणांना वाढायला सवड मिळत नाही. आपल्याकडच्या अनेक विद्यापीठांतल्या प्रकाशक भुकट्या या रीतीने शिजलेल्या आहेत. फोडणी आणि भाजणी यांत जो फरक, तो या रीतीत आणि जुन्या भट्टीत.

या नव्या मुलखात जुने भांडण पुन्हा कसे उभे राहिले ते १९९४ च्या एका प्रकरणात दिसते. पदार्थ ॲल्युमिना नव्हे, झिंक सल्फाइड, विरजण मँगनीज. अमेरिकेत आर. एन. भार्गव आणि सहकाऱ्यांनी जाहीर केले की कण अगदी लहान केला की मँगनीजचा केशरी उजेड भरघोस मिळतो आणि शिवाय लाखपट जलद मिळतो. मिलिसेकंद रेंगाळणारा अणू नॅनोसेकंदांत मोकळा होतो. जगभर खळबळ उडाली. १९९५ मध्ये पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी यांच्या गटानेही मँगनीज घातलेले असे कण पाण्यातल्या साध्या रीतीने बनवून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. मग १९९८ मध्ये हॉलंडमधल्या युट्रेख्टच्या बोल आणि मायरिंक यांनी दाखवले की त्या नळीत दोन उजेड मिसळलेले होते. मँगनीज पूर्वीसारखेच सावकाश, मिलिसेकंदांत, प्रकाशत होते. नॅनोसेकंदांचा जलद उजेड झिंक सल्फाइडच्या स्वतःच्या दोषांचा होता, आणि त्याची शेपटी मँगनीजच्या रंगापर्यंत पोहोचत होती.

उजेड कोणाचा? विरजणाचा की ओस जागेचा? १८८७ मध्ये क्रुक्स आणि ल्कोक यांच्याकडे हे ठरवायला वर्णपट तेवढा होता. आज रंग, टिकण्याचा काळ, तापमानाप्रमाणे होणारा फरक अशा चार कसोट्या लावून मग बोलावे लागते, आणि तरीही घाई नडते. नॅनो भुकटीवरचा एखादा निबंध हाती आला की मी आधी पाहतो की लेखकाने विरजण न घातलेली तीच भुकटी, तशीच भाजून, शेजारी मोजली आहे का. ल्कोक यांनी मोजली होती.

उरलच्या मंडळींनी पुढे ॲल्युमिनाच्या नॅनो भुकटीपासून दाबून भाजलेल्या चकत्या केल्या. मोठ्या स्फटिकाच्या मानाने त्यांचा उजेड कमी. थोडा किरणोत्सर्ग मोजायला त्या कुचकामी. पण मोठ्या स्फटिकातल्या खाचा प्रचंड किरणोत्सर्गात लवकर भरून जातात आणि मग नोंद थांबते, तिथे या चकत्यांत जागा अजून शिल्लक असते. त्यामुळे रुग्णालयातल्या बिल्ल्याला न लागणारी, पण सुया आणि हातमोजे निर्जंतुक करणाऱ्या किरणभट्ट्यांसारख्या ठिकाणी लागणारी फार मोठी मात्रा मोजायला त्या वापरता येतील का, याचा तपास त्यांनी हाती घेतला.